स्वस्त कपड्याचा हिशोब : तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की लग्नसराईची खरेदी सुरू करायच्या आधी एकदा कपाट उघडून बघा, आत किती कपडे न घातलेले पडलेत ते. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यातून भरपूर पत्रं आणि मेसेज आले. सगळे छापणं शक्य नाही, पण ज्यात बऱ्याच जणांच्या मनातलं आलंय असे काही निवडलेत.

प्रश्न : ताई, मी पाचोरा तालुक्यातली, जळगावला कॉलेजला आहे. आमच्या घरी कापूस असतो. बाबा म्हणतात कापसाला भाव नाही, आणि मी मोबाईलवरून १९९ रुपयांचा टॉप मागवला की आई विचारते एवढा स्वस्त परवडतो कसा त्यांना. मला उत्तर देता येत नाही. कापूस पण स्वस्त आणि कपडा पण स्वस्त, मग पैसा जातो कुठं? आणि हे फास्ट फॅशन म्हणतात ते हेच का?

उत्तर : बाळा, तुझ्या आईनं बरोबर जागी बोट ठेवलंय. आपण तुमच्याच घरच्या मालाचा हिशोब करू. एक क्विंटल कापूस जिनिंगला, म्हणजे सरकी (बी) वेगळी काढायला, गेला की साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकी सगळी सरकी. साधा टी-शर्ट दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम भरतो, सूत काढताना, विणताना, कटिंग करताना जे वाया जातं ते धरून दोनशे ग्रॅम रुई लागली असं समज, म्हणजे तुमच्या शेतातला जवळजवळ सहाशे ग्रॅम कापूस. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, त्या भावानंसुद्धा हा कापूस पन्नास रुपयांच्या आत बसतो, आणि खेडा खरेदीत व्यापारी दारात येऊन काय भाव लावतो ते बाबांना विचार. त्या पन्नासाच्या आतच बियाणं, खत, बोंडअळीची फवारणी, किलोमागं द्यायची वेचणीची मजुरी, सगळं आलं.

आता उरले दीडशे. त्यात जिनिंग, सूतगिरणी, विणकाम, रंग, शिलाई, पॅकिंग, गाडीभाडं, अ‍ॅपचं कमिशन, जाहिरात, परत आलेल्या मालाचा खर्च आणि शिवाय नफा. हे बसत नाही गं. बसवायचं असेल तर दोनच रस्ते आहेत, एक तर त्या टॉपमधे कापूस नाहीच, पॉलिस्टर आहे, नाहीतर मधल्या कोणाच्या तरी मजुरीत किंवा कोणाच्या तरी नदीत तो खर्च ढकललेला आहे. बऱ्याचदा दोन्ही असतं.

मजुरीत ढकलणं म्हणजे काय ते बांगलादेशात दिसलं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरमधे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली, वर परदेशी ब्रँडचे कपडे शिवायचे कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी बघितले होते, खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली, पण शिलाईच्या पोरींना कामावर बोलावलं, कारण ऑर्डर वेळेत द्यायची होती. १,१३४ माणसं गेली. आणि नदीत ढकलणं बघायचं तर आपल्या देशातलं तिरुप्पूर बघ, बनियन-टी-शर्टचं केवढं मोठं गाव, तिथल्या रंगाईच्या पाण्यानं नोय्यल नदीची अशी अवस्था झाली की खालच्या शेतकऱ्यांच्या विहिरीसुद्धा खराब झाल्या, शेवटी २०११ मधे मद्रास हायकोर्टानं रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. रंगाचं पाणी साफ करायला पैसा लागतो, आणि १९९ मधे तो पैसा धरलेलाच नसतो.

हो, फास्ट फॅशन हेच. आधी दुकानदार दिवाळीला, लग्नसराईला, शाळा उघडताना माल भरायचा. आता अ‍ॅपवर रोज नवीन डिझाईन येतं आणि कपडा टिकावा अशी कोणाची इच्छाच नसते, चार वेळा घाल आणि पुढचा घे. २००० ते २०१५ या काळात जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं आणि एक कपडा टाकून द्यायच्या आधी जेवढ्या वेळा घातला जायचा ते प्रमाण एक तृतीयांशापेक्षा जास्त खाली आलं. हा दुसरा आकडा मला जास्त लागतो. म्हणजे आपण जास्त घेतो एवढंच नाही, घेतलेलं वापरतही नाही.

आणि बाबांच्या कापसाचं म्हणशील तर जगात वर्षाला जेवढा धागा तयार होतो त्यात निम्म्याहून जास्त पॉलिस्टर आहे, कापूस साधारण पाचवा हिस्सा. कापसाच्या भावामागं आयात, डॉलर, सरकारी धोरण असं बरंच काही असतं, सगळं पॉलिस्टरच्या माथी मारणार नाही मी, पण रुई जरा महागली की गिरणीवाल्याला स्वस्त पॉलिस्टर मिसळायची सोय आहे हे खरं. म्हणून कापूसवाल्याच्या घरात तरी कपडा उलटून आतलं लेबल वाचायची सवय असावी असं मला मनापासून वाटतं.

टॉप घेऊच नको असं नाही म्हणत मी. फक्त घ्यायच्या आधी स्वतःला विचार, हा मी निदान तीस वेळा घालणार का? १९९ चा टॉप चार धुण्यात ढिला पडला तर एका वेळेला पन्नास रुपये पडले. सातशेचा चांगला सुती कुर्ता तीन वर्षात शंभर वेळा घातला तर सात रुपये. पैसे कमी असतील तर हाच हिशोब जास्त कामाचा आहे.

प्रश्न : मी नंदुरबारला शिक्षिका आहे. मुलांच्या प्रोजेक्टसाठी वाचलं की एका कॉटन टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं. मग आपल्यासारख्या पाण्याची मारामार असलेल्या भागात पॉलिस्टरच बरं नाही का? सुरत आम्हाला जवळ, साड्या स्वस्त मिळतात, धुतली की वाळली, इस्त्री पण नको.

उत्तर : मॅडम, मुलांना हा आकडा जरूर सांगा पण तो कसला आहे तेही सांगा. तो जगाची सरासरी आहे आणि त्यात शेतावर पडणारा पाऊसही धरलेला आहे. आपल्याकडं बराचसा कापूस कोरडवाहू, पावसावर येणारा. ते पाणी काही आपण नळातून ओतत नाही, कापूस नसता तर त्याच पावसावर ज्वारी नाहीतर सोयाबीन आलं असतं. मे महिन्यात ठिबकवर जो बागायती कापूस लावतात त्याची गोष्ट वेगळी, तिथं विहिरीचं आणि बोअरचं पाणी जातं आणि त्याचा हिशोब मांडायलाच पाहिजे. पाणी उपसून कापूस केला तर काय होतं ते मुलांना नकाशात दाखवा, मध्य आशियातला अरल समुद्र, त्याला मिळणाऱ्या दोन्ही नद्या मुख्यतः कापसासाठी वळवल्या आणि समुद्रच आटला. म्हणजे कापूस पवित्र आणि पॉलिस्टर पापी असं सरळ नाहीये.

पण पॉलिस्टरचंही नीट बघू. ते खनिज तेलापासून होतं, प्लास्टिकच्या बाटलीचाच भाऊ आहे तो. शेतात पाणी लागलं नाही म्हणून ते हलकं ठरत नाही, कारण ते कुजत नाही आणि प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक तंतू सुटतात. इंग्लंडातल्या प्लायमाउथ विद्यापीठानं २०१६ मधे मोजून बघितलं होतं, सहा किलो अ‍ॅक्रिलिक (पॉलिस्टरसारखाच कृत्रिम धागा) कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांवर तंतू निघू शकतात. आता हे आपल्या नकाशावर ठेवा. सुरतची साडी रेल्वेनं तुमच्याकडं येते, भुसावळपर्यंत जाते, आणि आपल्या मोऱ्यांचं पाणी नाल्यातून तापीत, तापी प्रकाशा गावावरून उकाई धरणात, उकाईवरून परत सुरतेला. मधे सगळं सांडपाणी गाळलं जात असतं तर गोष्ट वेगळी होती.

शिवाय आपला उन्हाळा. पारा पंचेचाळीसवर गेलेला असताना पॉलिस्टर ब्लाऊज घालून वर्गात उभं राहणं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको, घाम बाहेर जात नाही, काखेत रॅश येतात, वास येतो म्हणून रोज धुवावं लागतं, आणि जास्त धुणं म्हणजे जास्त तंतू.

घरात ज्या सिंथेटिक साड्या आहेत त्या मात्र टाकू नका, त्या बनवताना जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलंय, आता नेसून नेसून वसूल करणंच योग्य. गार पाण्यात धुवा, मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावू नका, ड्रायर नको, ऊन आपल्याकडं फुकट आहे. रेनकोट, दप्तर, छत्री ह्याला पॉलिस्टरच लागतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

प्रश्न : ताई, पुतणीचं लग्न आहे. घरातल्या बायकांच्या ग्रुपवर ठरलंय की हळदीला सगळ्यांनी सेम पिवळ्या साड्या, मेहंदीला हिरव्या, संगीतला अजून वेगळं. त्यात आहेराच्या साड्या पन्नास-साठ घ्यायच्यात, होलसेलमधे जाऊन यायचं म्हणतात. मी नको म्हटलं तर कंजूष म्हणतील. तुम्हीच सांगा. – एक वाचक, चोपडा

उत्तर : ताई, ह्या महिन्यात सगळ्यात जास्त पत्रं ह्याच विषयावर आलीत, तुम्ही एकट्या नाहीत.

आधी आहेराच्या साड्यांचं बोलू कारण तिथं खरी नासाडी आहे. ती साडी सगळ्यांना ओळखू येते. पारदर्शक पिशवी, आत घडी बसावी म्हणून घातलेला पुठ्ठा, कोपऱ्यात टाचणी, फॉल-पिको कधीच झालेलं नाही. ती ह्या लग्नातून त्या लग्नात जाते, तिथून कानबाईच्या सणाला कोणाच्या तरी ओटीत जाते, तिथून परत कोणाच्या तरी गोणीत, आणि फिरता फिरता घडीवरच जरीचा काठ काळा पडतो. नेसत कोणीच नाही. घेणारीला माहिती असतं, देणारीला माहिती असतं. तरी दर लग्नात पन्नास नवीन घेतो. म्हणजे तेल खणलं, धागा काढला, रंगवला, सुरतेहून आणला, आणि तो कपडा एकदाही कोणाच्या अंगाला लागला नाही. माझ्या मते आपल्या भागातली सगळ्यात मोठी फास्ट फॅशन हीच आहे, मोबाईलवरच्या पोरींना आपण उगाच बोलतो. टॉवेल-टोपीचं आणि ब्लाऊज पीसचंही तेच.

मार्ग काय? बैठकीतच काढायचा, दोन्ही घरची मोठी माणसं बसलेली असतात तेव्हा. मामी, आत्या, मावशी, करवल्या अशा अगदी जवळच्या आठ-दहा जणींना साडी द्या, पण नेसता येईल अशी, रंग त्यांना विचारून, हलक्या साठ साड्यांच्या पैशात दहा चांगल्या सुती येतात. बाकीच्यांना पाकीट. आणि पत्रिकेत छापून टाका, आहेर आणू नये. बऱ्याच घरांनी छापलंय, कोणाचं काही अडलं नाही. ह्यात पुरुष मंडळींना पुढं करा हं, सगळी वाईटपणाची कामं बायकांच्याच गळ्यात नकोत.

हळदीचं सोपं आहे. पिवळा रंग ठरवा, एकच शेड ठरवू नका. पिवळं प्रत्येकीच्या कपाटात आहे, कोणाचं हळदी, कोणाचं लिंबू, कोणाचं मोहरी, आणि फोटोत ते एकाच साच्यातल्या कपड्यापेक्षा कितीतरी छान दिसतं. हळदीच्या साडीला डाग पडणारच, तर नवीन कशाला? जुनीच नेसा. मेहंदी-संगीतला जावा-जावांनी अदलाबदल करा, नवरीच्या घागऱ्याला आणि नवरदेवाच्या शेरवानीला जळगाव-धुळ्यात भाड्यानं द्यायची दुकानं आहेत, एक दिवसाच्या कपड्याला वीस हजार घालून तो आयुष्यभर कपाटात ठेवण्यापेक्षा ते बरं. खर्च करायचाच असेल तर पोरीला पहिल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आल्यावर एक चांगली हातमागाची साडी घ्या, ती साडी पोरगी वीस वर्षं नेसेल.

आणि कंजूष म्हणतील त्याचं असं करा, ग्रुपवर लिहायच्या आधी दोन-तीन जावांशी फोनवर बोला. एकटी बोलली तर कंजूष, चौघी बोलल्या तर ठरलेलं.

प्रश्न : कपड्यांवर इको, ऑरगॅनिक, बांबू, रिसायकल असं लिहिलेलं असतं, किंमत दुप्पट. घ्यावं का? – शिरपूर

उत्तर : दादा, थोडक्यात सांगते. नुसतं इको लिहिलेल्याला काही अर्थ नाही, ते कोणीही छापतं. ऑरगॅनिकला जीओटीएस नावाचं प्रमाणपत्र असतं, लेबलवर ते आणि त्याचा लायसन्स नंबर शोधा. बांबूचं कापड बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं, बांबूचा लगदा करून केमिकलमधे विरघळवून धागा काढलेला, मऊ असतं हे खरं, पण बांबू हिरवा म्हणून कापड हिरवं असं होत नाही. रिसायकल पॉलिस्टर जास्त करून प्लास्टिकच्या बाटल्यांपासून करतात, जुन्या कपड्यांपासून नाही. खादी भांडारात गेलात तरी विचारून घ्या, पॉलीवस्त्र नावानं जे मिळतं त्यात पॉलिस्टर असतं.

कापड सुती आहे का ते घरीच बघता येतं. आतल्या शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवायचा, सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि बोटानं चुरगळली जाईल अशी राख राहते, पॉलिस्टर असेल तर वितळतं, काळा धूर येतो आणि टोकाला कडक गोळी होते. मिक्स कापडात दोन्ही थोडं थोडं दिसतं. मुलांच्या हातात देऊ नका, वितळलेला थेंब कातडीला चिकटतो.

प्रश्न : धुळ्यात राहतो, नोकरी आहे. ऑनलाईन एकाच शर्टच्या दोन-तीन साईज मागवतो आणि बाकीच्या परत पाठवतो. फ्री रिटर्न असतं तर त्यात काय बिघडलं?

उत्तर : भाऊ, फ्री फक्त तुम्हाला आहे. गाडी दोनदा येते, पॅकिंग दोनदा होतं, आणि परत आलेला प्रत्येक माल पुन्हा विकला जातोच असं नाही, तपासून, इस्त्री करून, परत पॅक करण्यापेक्षा बऱ्याच कंपन्यांना तो भंगारात काढणं स्वस्त पडतं. युरोपात न विकलेले कपडे नष्ट करण्यावर बंदी आणायची वेळ आली, त्यामागं हेही एक कारण आहे. तुमच्या अंगाला नीट बसणारा एक शर्ट टेपनं मोजून ठेवा, छाती, खांदा, लांबी, आणि साईज चार्टशी ताडून एकच मागवा. नाहीतर सरळ दुकानात जा, घालून बघा, धुळ्यात दुकानांना काय तोटा आहे.

प्रश्न : भुसावळला रेल्वे क्वार्टरमधे असतो, आता रिटायर होऊन घर बदलायचंय, आणि तीस वर्षांचे कपडे निघालेत. सूनबाई म्हणते दान करून टाका. कुठं द्यावेत?

उत्तर : काका, देण्याच्या आधी तीन ढीग करा. जो कपडा तुम्ही स्वतःच्या भावाला द्याल तोच दान करा. पूर आला, आग लागली की लोक गोण्याच्या गोण्या पाठवतात आणि त्यात फाटके, मळके, एक बाही नसलेले कपडे असतात, ज्यांचं आधीच सगळं गेलंय त्यांच्यापुढं ते ठेवणं बरं नाही. देताना विचारा काय पाहिजे, आपल्या आदिवासी पाड्यांवर हिवाळ्यात स्वेटर आणि चादरी लागतात, पार्टीवेअर कोण घालणार?

दुसरा ढीग भांडेवालीला. तिला लोक कमी समजतात. ती जे नेते ते निवडते, धुते, बटण लावते, आणि ते जुन्या कपड्यांच्या बाजारात परत कोणाच्या तरी अंगावर जातं. कपडा कपडा म्हणूनच वापरला जाणं ह्याच्यापेक्षा चांगलं काही नाही. म्हणून एका पातेल्यासाठी तिच्याशी तासभर घासाघीस करू नका.

तिसरा ढीग फाटक्यांचा. जुन्या सुती साड्या, धोतरं असतील तर गोधडी शिवून घ्या, आपल्याकडं अजून हातानं टाके घालून शिवणाऱ्या बायका आहेत, त्यांना टाक्याचे पैसे नीट द्या. सिंथेटिक साडीची गोधडी करायला जाल तर ती घसरते, टाका धरत नाही आणि उन्हाळ्यात अंगाखाली तापते. सुती बनियन, चादरी ह्याची पुसायची फडकी होतात. लोकरीचे फाटके स्वेटर भंगारवाल्याकडून पानिपतला पोचू शकतात, तिथं जुनी लोकर चुरून तिचे ब्लँकेट करतात. बाकी मिक्स कापडाचं मात्र अवघड आहे. भारतात वर्षाला साधारण ७८ लाख टन कापडाचा कचरा जमा होतो, आणि जगभरात बघितलं तर जुन्या कपड्यापासून परत नवा कपडा होण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे. रिसायकल होईल म्हणून बिनधास्त घ्या असं कोणी म्हटलं तर हा आकडा त्याला सांगा.

आणि काका, एक विनंती, जुने कपडे बंबात घालू नका. आपल्याकडं पऱ्हाटीबरोबर (कापसाच्या वाळलेल्या काड्या) चिंध्या जाळायची सवय आहे, सुती होत्या तोवर चालून गेलं, आता त्यात पॉलिस्टर असतं, तो धूर घरातल्याच माणसांच्या छातीत जातो.

प्रश्न : ताई, मी अमळनेरचा टेलर. वडील प्रताप मिलमधे होते, मी शिलाई शिकलो. पूर्वी दिवाळीत रात्रभर मशीन चालायची. आता सगळे रेडीमेड घेतात. तुमच्या पर्यावरणाच्या गप्पांचा माझ्यासारख्याला काही उपयोग आहे का?

उत्तर : दादा, आहे, आणि रागावून लिहिलंत ते बरं केलंत. वर मी ज्यांना ज्यांना सांगितलं की कपडा जास्त दिवस वापरा, त्या प्रत्येकाला एक टेलर लागणार आहे. बहुतेक कपडे फाटून जात नाहीत, चेन जाते, इलॅस्टिक सैल होतं, कंबर वाढते, काज उसवतं, आणि तेवढ्यासाठी पँट टाकून देतात, कारण हे छोटं काम कोण करतं हेच लोकांना माहिती नाही. मोठे टेलर नाही म्हणतात. तुम्ही दुकानाबाहेर पाटी लावा, चेन बदलणे, कंबर सैल-घट्ट, रफू, कॉलर उलटणे, जुन्या साडीचा ड्रेस, आणि प्रत्येकापुढं दर लिहा. दर लिहिला की नव्या पिढीची पोरं आत येतात, ती घासाघीस करायला बुजतात. नवीन शिवताना शिवणीत दाब, म्हणजे आत जास्तीचं कापड, सोडत जा, म्हणजे दोन वर्षांनी तेच गिऱ्हाईक परत येईल.

गिऱ्हाईकांनाही सांगते, दुरुस्तीचे तीस-चाळीस रुपये मागितले की एवढे कसले म्हणून तोंड वाकडं करू नका, बारीक काम आहे ते, डोळे जातात.

आणि एक करू. तिन्ही जिल्ह्यातल्या जे टेलर आणि गोधडीवाल्या मावश्या दुरुस्तीचं काम घेतात त्यांनी आपलं गाव, दुकान आणि कामाचे दर अंकाच्या पत्त्यावर पाठवावेत, पुढच्या अंकापासून आपण त्याची तालुकावार यादी छापणार आहोत, पैसे न घेता. पहिलं नाव अमळनेरचं, तुमचं टाकते.